झोपलेल्या बंधूवर खोटा खटला

बालगीतांना कोणी शत्रू असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु अलीकडे असा एक शत्रू निर्माण झाला आहे आणि भ्रमणध्वनीवरून तो आपल्या घराघरांत रोज येऊन जातो. त्याचे नाव 'दडलेला अर्थ'. अमुक गाणे खरे तर महामारीचे, तमुक गाणे खरे तर खुनाचे आणि अमक्या गाण्यात ख्रिस्तसभेने दडपलेले पातक लपलेले आहे, असे तो छातीठोकपणे सांगत असतो. पुरावा विचारावा, तर 'हे सर्वांना ठाऊक आहे' एवढेच उत्तर मिळते. ज्या गीतांवर असा आळ घेतला गेला, त्यांत 'फ्रेर जाक' हे फ्रेंच बालगीतही आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे. हा आळ निराधार आहे, आणि तो निमूटपणे पुढे पाठवणारे आपण त्या गाण्यावरच नव्हे, तर सत्यावरही अन्याय करीत आहोत.

हे गीत बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे, फक्त मूळ नावाने नव्हे. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात 'ब्रदर जॉन'ला झोपेतून जागे करणारे जे गाणे मुले म्हणतात, तेच हे. त्याचा आशय तो केवढा! मठातला एक बंधू झोपून राहिला आहे. झोपलास की काय, असे त्याला विचारले जाते. प्रार्थनेची घंटा वाजवण्याची त्याला आठवण करून दिली जाते. शेवटी घंटेचा नाद ऐकू येतो. चार ओळी, प्रत्येक दोनदा, गाणे संपले.

मात्र ते जगभर गेले ते या आशयामुळे नव्हे. चालीची रचनाच अशी आहे की पहिला गट पहिली ओळ संपवून दुसरीकडे वळला की दुसऱ्या गटाने पहिली उचलावी, मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. असे चार गट एकाच वेळी चार वेगवेगळ्या ओळी गात असतात आणि तरीही गोंधळ न होता सूर जुळतात. पाश्चात्त्य संगीतात या प्रकाराला 'कॅनन' म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाला स्वरलिपीचे एक अक्षरही न शिकता अनेकस्वरी गायनाचा आनंद देणारी इतकी सोपी रचना क्वचितच सापडेल.

आता आरोपपत्र पाहू. पहिला आरोप सर्वांत गाजलेला आहे. त्यानुसार गाण्यातला बंधू म्हणजे जाक द मोले, टेम्पलर या योद्ध्या संन्याशांच्या संघाचा शेवटचा महाधिपती. फ्रान्सच्या राजाने त्याला १३१४ साली पॅरिसमध्ये जिवंत जाळले. म्हणून गाण्यातली झोप ही मृत्यूची झोप आणि घंटा ही मरणघंटा! दुसऱ्या आरोपानुसार हा बंधू म्हणजे सतराव्या शतकात गावोगाव फिरून मुतखडे कापून काढणारा जाक बोलो. तो संन्याशाचा झगा घालून हिंडे आणि 'फ्रेर जाक' याच नावाने ओळखला जाई. तिसरा आरोप त्यामानाने सौम्य आहे. पॅरिसच्या सें-जाक रस्त्यावरील मठामुळे डॉमिनिकन संन्याशांना फ्रान्समध्ये 'जाकोबँ' म्हणत. तेव्हा हे गीत त्यांच्या आळसाची आणि सुखासीनतेची टवाळी करण्यासाठी रचले गेले, असे काही लेखकांनी सुचवले आहे.

आरोप तीन आहेत आणि ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. एकच माणूस जाळून मारलेला सरदार, फिरता शस्त्रवैद्य आणि आळशी डॉमिनिकन असे तिघे कसा असेल? परंतु दडलेल्या अर्थाच्या भक्तांना या विसंगतीचे काही वाटत नाही. अर्थ काळाकुट्ट असला की त्यांचे समाधान होते.

या आरोपांची कागदपत्रांशी गाठ घालून पाहावी. या चालीचा आज ज्ञात असलेला जुना लेखी पुरावा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका हस्तलिखितात आहे. लोकनाट्यांत वापरल्या जाणाऱ्या लोकप्रिय चालींचा तो संग्रह असून, त्याचा काळ १७७५ ते १७८५ च्या दरम्यानचा मानला जातो. आता गंमत पाहा. त्या हस्तलिखितात या चालीवर 'फ्रेर ब्लेझ' असे नाव लिहिलेले आहे! म्हणजे ज्या 'जाक' या नावावर टेम्पलर, शस्त्रवैद्य आणि डॉमिनिकन अशा तिन्ही कथांचा डोलारा उभा आहे, ते नाव या जुन्या नोंदीत नाहीच. चाल छापली गेली १८११ साली. शब्द आणि स्वरलिपी एकत्र छापलेली बालगीतांची पुस्तके आली ती १८६० च्या दशकात.

जाक द मोलेचा मृत्यू १३१४ चा आणि चालीची ही नोंद १७८० च्या सुमाराची. मध्ये साडेचार शतकांहून अधिक काळ गेला. एवढ्या काळात या गाण्याचा आणि टेम्पलरांचा संबंध सांगणारा एखादा कागद, एखादी ओळ कोणी पुढे ठेवली आहे काय? नाही. मुतखडे काढणाऱ्या बोलोचे चरित्र वैद्यकाच्या इतिहासकारांनी बारकाईने तपासले. त्यांनाही गाण्याशी नाते जोडणारा पुरावा मिळाला नाही. डॉमिनिकनांविषयीची सूचना अशक्य नाही, पण ती सूचनाच आहे. नावातल्या साम्यापलीकडे तिलाही आधार नाही.

मग गाणे रचले कोणी? या प्रश्नाचे त्यातल्या त्यात साधार उत्तर अलीकडचे आहे. संगीताच्या अभ्यासक सिल्वी बुइसू यांनी २०१४ साली, अठराव्या शतकातील कॅनन-रचनांच्या एका हस्तलिखिताच्या आधारे, ही रचना जाँ-फिलिप रामो (१६८३–१७६४) यांची असल्याचे प्रतिपादन केले. रामो हे फ्रान्सच्या थोर संगीतकारांपैकी एक. क्लेरमाँच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी ऑर्गन वाजवला आणि १७२२ साली स्वरसंवादावर एक पायाभूत ग्रंथ लिहिला. चार ओळी एकमेकींवर अचूक बसवणारे हे इवलेसे यंत्र अशा कारागिराच्या हातून घडले असेल, यात नवल नाही. हे मत अंतिम आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यामागे एक कागद आहे, त्या कागदावर एक नाव आहे आणि तो कोणालाही तपासता येतो. पुरावा आणि अफवा यांत फरक आहे तो हाच.

दडलेला अर्थ तयार करणे किती सोपे असते, हेही पाहून ठेवू या. तरुण रामो १७०६ साली पॅरिसमध्ये जेजुइट धर्मगुरूंकडे ऑर्गनवादक होते आणि ते स्थान होते नेमक्या त्याच सें-जाक रस्त्यावर! तेव्हा चला, रामो यांनी शेजारच्या मठावर सूड उगवण्यासाठी हे गीत रचले, जेजुइटांनी त्यांना त्यासाठी पैसे दिले आणि नंतर सारे दडपून टाकले. कशी वाटली कथा? रस्ता खरा, साल खरे, व्यक्ती खरी आणि निष्कर्ष मात्र पूर्णपणे माझ्या कल्पनेतला. तो मी दोन मिनिटांत रचला. उद्या तो भ्रमणध्वनीवरून सोडला, तर आठवड्याभरात 'संशोधन' म्हणून माझ्याकडेच परत येईल.

अशा कथा कशा रुजतात याचे ठळक उदाहरण म्हणजे 'रिंग अ रिंग ओ रोझेस' हे इंग्रजी गीत. ते १६६५ च्या लंडनमधील प्लेगचे वर्णन आहे, असे सुशिक्षित माणसेही शपथेवर सांगतात. वास्तविक ते गीत इंग्लंडमध्ये पुस्तकात छापले गेले १८८१ साली आणि प्लेगची कथा त्याला चिकटली ती विसाव्या शतकात. इंग्रजी बालगीतांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने ती अमान्य केली. तरीही ती मरत नाही, कारण मुलांच्या हसण्यामागे प्रेते दडलेली आहेत ही कल्पना मोठ्यांना विलक्षण रोमांचक वाटते.

येथे श्रद्धावान पालकाच्या मनात दुसरीच शंका येते. टेम्पलर वगैरे ठीक आहे, पण हे गाणे व्रतस्थ जीवनाची चेष्टा करते ना? प्रार्थनेला न उठणारा बंधू दाखवून आपल्याच मुलांना हसवते ना? मग ते हवे कशाला? ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. पश्चिमेकडील मठजीवनाला तिनेच घडवले. ती उघडून पाहिली तर या गाण्यातला बंधू तेथे बाराशे वर्षे आधीच आढळतो. प्रार्थनेच्या वेळेची सूचना देण्याचे काम मठाधिपतीने स्वतः करावे किंवा एखाद्या दक्ष बंधूवर सोपवावे, असे सत्तेचाळीसाव्या प्रकरणात म्हटले आहे. पहाटे उठताना बंधूंनी एकमेकांना हळुवारपणे उत्तेजन द्यावे, कारण झोपाळू माणसांना सबबी सांगायची सवय असते, असे बाविसावे प्रकरण सांगते. रात्रीच्या प्रार्थनेच्या आरंभीचे स्तोत्र अगदी सावकाश म्हणावे, म्हणजे उशिरा येणाऱ्यांना गाठता येईल, अशी सोय त्रेचाळीसाव्या प्रकरणात आहे. आणि कधी काळी सगळेच उशिरा उठले तर वाचने थोडी आखडती घ्यावीत. पण ज्याच्या हलगर्जीपणामुळे हे घडले त्याने प्रार्थनामंदिरात देवापुढे प्रायश्चित्त घ्यावे, असे अकरावे प्रकरण बजावते.

मनुष्यस्वभावाची केवढी ही जाण! माणूस देवाला वाहिला गेला तरी त्याची झोप त्याच्याबरोबर मठात येते, हे त्या संताला ठाऊक होते. त्याने झोपेला पाप म्हणून झोडपले नाही. तिच्यावर नजर ठेवली, मार्ग काढला आणि शेजारच्या बंधूला हलवून उठवण्याचे काम प्रत्येकावर सोपवले. आपले गाणे नेमके तेच करते. त्यात शिवी नाही, शिक्षा नाही, मठाधिपतीचा दंडुका नाही. आधी विचारपूस आहे, मग कर्तव्याची आठवण आहे. एका बंधूने दुसऱ्याला प्रेमाने जागे करावे तसे ते आहे. ही चेष्टा बाहेरच्या निंदकाची नाही, घरातल्या माणसाची आहे. अशा चेष्टेने जो दुखावला जातो, त्याने संत बेनेडिक्ट यांच्याहून अधिक सोवळे होण्याचा प्रयत्न चालवला आहे, असेच म्हणावे लागेल.

तक्रार करायचीच असेल, तर ती दुसऱ्या एका गोष्टीची करावी. इंग्रजी अवतारात या गाण्याचा प्राण हरवला आहे. फ्रेंच गीतात ज्या प्रार्थनेचा उल्लेख आहे ती 'मातीन'. शब्दाचा उगम सकाळवाचक असला, तरी मठांत ती मध्यरात्री किंवा सूर्योदयाच्या पुष्कळ आधी, जग झोपलेले असताना, जगासाठी म्हटली जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ती दिवसाच्या कोणत्याही वेळी म्हणता येईल अशी करण्याचे ठरवले आणि आज 'वाचनांची प्रार्थना' म्हणून ती धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेत आहे. इंग्रजीत या सगळ्याच्या जागी केवळ सकाळच्या घंटा उरल्या. शिवाय फ्रेंचमध्ये घंटा वाजवणे हे त्या बंधूचे काम आहे. तो उठला नाही तर घंटा वाजणार नाही आणि सारा मठ झोपून राहील. गंमत आहे ती इथेच. ज्याने सर्वांना जागे करायचे तोच झोपला आहे! इंग्रजीत मात्र घंटा त्याच्याविनाच वाजू लागतात. त्याच्यावरची जबाबदारी जाते आणि मागे उरतो तो उशिरापर्यंत लोळणारा एक सामान्य मुलगा. 'जाक' म्हणजे खरे तर याकोब. त्याचाही जॉन झाला.

इतर देशांनीही या बंधूला आपापल्या परीने वागवले. इटलीने त्याला बंधू मार्तीनो केले, पण त्याचे संन्यासपण आणि घंटा वाजवण्याचे काम दोन्ही राखले. हॉलंडमध्ये तो फादर याकोब झाला. कॅथलिक पोलंडमध्ये मात्र तो नुसता यान महाशय आणि हंगेरीत यानोश काका. चीनमध्ये माणूसच नाहीसा झाला आणि दोन व्यंग असलेले वाघ धावू लागले. त्याच चीनमध्ये १९२६ साली व्हाम्पोआ लष्करी विद्यालयात याच चालीवर परकीय सत्ता आणि लष्करशहा यांच्याविरुद्ध क्रांतिगीत रचले गेले आणि पुढे काही काळ राष्ट्रवादी शासनाने ते राष्ट्रगीतासारखे वापरले. संगीतकार गुस्ताव्ह मालर यांनी आपल्या पहिल्या सिंफनीत हीच चाल कोमल स्वरांत उतरवून तिची अंत्ययात्रा केली. १८८९ साली बुडापेस्टच्या श्रोत्यांनी ती प्रथम ऐकली.

कोणी म्हणेल, 'मालर यांनी त्यातून अंत्ययात्रा काढली ती चालते आणि आम्ही टेम्पलरची चिता काढली ती चालत नाही, हा कुठला न्याय?' न्याय सरळ आहे. मालर यांनी 'हे गीत मुळात अंत्ययात्रेचेच होते' असा दावा केला नाही. व्हाम्पोआच्या छात्रांनी 'फ्रेंच मुले गुपचूप लष्करशहांविरुद्ध गात होती' असे सांगितले नाही. त्यांनी जुन्या चालीतून नवी वस्तू घडवली आणि ती नवी म्हणूनच जगापुढे ठेवली. गाण्याला नवा अर्थ देणे हा गाणाऱ्याचा हक्क आहे, पण मेलेल्या माणसांच्या तोंडी खोटा अर्थ घालून त्याला इतिहास म्हणणे ही खोटी साक्ष आहे. दहा आज्ञांपैकी आठवी आपल्या मुलांना पाठ असते. ती केवळ शेजाऱ्यापुरती आहे आणि भूतकाळातल्या माणसांना लागू नाही, असे तर आपण समजत नाही ना?

'करमणुकीची गोष्ट आहे, एवढे काय मनावर घेता?' हा शेवटचा बचाव. मनावर घेण्याचे कारण असे की खोट्या आळामुळे खरा अन्याय झाकला जातो. टेम्पलरांवर अन्याय झाला, हे सत्य आहे. फ्रान्सच्या राजाने त्यांना पकडले, छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले आणि १३१२ साली पोप पाचवे क्लेमेंट यांनी त्यांचा संघ विसर्जित केला. याच पोप महाशयांनी १३०८ साली संघाच्या नेत्यांना पापमुक्त केल्याचा दस्तऐवज बार्बरा फ्राले या अभ्यासक महिलेला २००१ साली व्हॅटिकनच्या अभिलेखागारात आढळला आणि २००७ साली व्हॅटिकननेच त्या खटल्याची कागदपत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्याला जाक द मोलेविषयी खरी कळकळ आहे त्याने ते वाचावे. त्यासाठी बालगीतात गुप्त खुणा शोधण्याची गरज नाही. पण ते वाचायला वेळ लागतो, श्रम लागतात. संदेश पुढे पाठवायला एक बोट पुरते. आणि ज्या घरात बालगीताविषयीची थाप तपासल्यावाचून खपते, त्या घरात उद्या शेजारच्या समाजाविषयीची थापही तशीच खपेल. अफवेवर विश्वास ठेवायची सवय विषय पाहून लागत नाही.

तेव्हा वाचकहो, पुन्हा कधी असा संदेश आला तर तीन साधे प्रश्न विचारा. हे गाणे प्रथम कधी लिहिले गेले? ही कथा प्रथम कोणी आणि कधी सांगितली? या दोहोंमध्ये किती वर्षे गेली? बहुतेक दडलेले अर्थ पहिल्या प्रश्नापाशीच गळून पडतील. जे उरेल ते मुलांना अवश्य सांगा.

आणि 'ब्रदर जॉन' गाणाऱ्या आपल्या मुलांना हेही सांगा की तो मुळात एका मठातला बंधू होता. सारे जग झोपलेले असताना उठून त्या जगासाठी प्रार्थना करणे हे त्याच्या संघाचे व्रत होते आणि त्या रात्री त्याला जरा झोप लागली होती. मग घरातल्या माणसांचे चार गट करा. आजी-आजोबांना एका गटात घ्या, पाहुण्यांना दुसऱ्यात. भ्रमणध्वनी बाजूला ठेवा आणि एकामागून एक सुरुवात करा. चारही ओळी एकाच वेळी घरात घुमू लागल्या, की या गाण्यात काय दडले आहे ते मुलांना आपोआप कळेल.